ओआरएमचं मॅपिंग: जे लिहिलं नाही ते कसं वाचायचं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानाचं ऑनलाइन ऑर्डरचं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर आणा. प्रोग्रॅममध्ये ‘ऑर्डर’ नावाचं ऑब्जेक्ट आहे. त्याच्या पोटात ग्राहक आहे, मागवलेल्या पुस्तकांच्या ओळी आहेत, प्रत्येक ओळीत एक पुस्तक आणि पुस्तकाचे एक किंवा अनेक लेखक आहेत. कोड लिहिणारा ऑर्डर हातात घेतो आणि ग्राहक, त्याचा पत्ता, पत्त्याचा पिनकोड असा एका टिंबावरून दुसऱ्या टिंबावर उड्या मारत आत शिरतो. डेटाबेसला यातलं काही माहीत नाही. त्याच्याकडे टेबलं आहेत, आणि ऑर्डरच्या टेबलात ग्राहकाच्या जागी ४८१२ एवढा आकडा आहे. ४८१२ म्हणजे कोण, हे दुसऱ्या टेबलात जाऊन बघावं लागतं.

ह्या दोघांमध्ये दुभाषी म्हणून जे बसतं ते ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग करणारी लायब्ररी. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. जावातलं हायबरनेट गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलं आणि २००६ मध्ये जेपीए हे जावातल्या ओआरएमसाठीचं प्रमाण त्याच वळणाचं निघालं. पायथनमधलं जँगो २००५ चं, एसक्यूएलअल्केमी २००६ चं, आणि डॉटनेटवाल्यांचं एंटिटी फ्रेमवर्क २००८ चं. भाषा वेगळ्या, पण खोड्या बऱ्याचशा सारख्या.

मॅपिंग म्हणजे ह्या दुभाष्याला दिलेल्या सूचना: हा क्लास ह्या टेबलाचा, ही फील्ड त्या कॉलमची, ह्या दोघांचं नातं अमुक फॉरेन कीवरून, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या ४८१२ सारख्या आकड्यावरून. अडचण अशी की सूचना दिली नाही म्हणून दुभाषी थांबत नाही. तो मनाने काहीतरी धरून चालतो. त्यालाच डिफॉल्ट म्हणतात. मॅपिंगच्या फाइलमध्ये चूक शोधत तासन् तास जातात, कारण चूक बहुतेकदा लिहिलेल्या ओळीत नसतेच, न लिहिलेल्या ओळीत असते. म्हणून कॉन्फिगर करणं आणि तपासणं ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत.

आधी लॉग नीट लावा

ओआरएम डेटाबेसला क्वेरी पाठवतो, म्हणजे एसक्यूएल ह्या भाषेतल्या आज्ञा, आणि त्यांची नोंद लॉगमध्ये दिसते. हायबरनेट वापरणारे बहुतेकजण ‘शो-एसक्यूएल’ ट्रू करून मोकळे होतात. ती सेटिंग क्वेरी सरळ कन्सोलवर ओतते. वेळ नाही, थ्रेड नाही, लॉगची पातळी नाही. त्याऐवजी ‘ओआरजी डॉट हायबरनेट डॉट एसक्यूएल’ ह्या लॉगरची पातळी डीबग ठेवा. क्वेरीतल्या प्रश्नचिन्हांच्या जागी कोणत्या व्हॅल्यू गेल्या ते बघायला हायबरनेट ६ मध्ये ‘ओआरजी डॉट हायबरनेट डॉट ओआरएम डॉट जेडीबीसी डॉट बाइंड’ हा लॉगर ट्रेसवर टाका. हायबरनेट ५ मध्ये ह्याच कामाचा लॉगर वेगळ्या नावाचा होता. आवृत्ती वाढवताना जुनी ओळ तशीच राहिली तर एरर येत नाही, फक्त व्हॅल्यू दिसायच्या बंद होतात. मग दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

जँगोत ‘डीबग’ ट्रू असेल तरच ‘कनेक्शन डॉट क्वेरीज’मध्ये यादी भरते. क्वेरीसेटची ‘क्वेरी’ छापूनही एसक्यूएल दिसतं, पण त्यात मजकुराभोवतीची अवतरणचिन्हं नसतात. ते उचलून डेटाबेसच्या खिडकीत चिकटवलं तर चालेलच असं नाही. एसक्यूएलअल्केमीत इंजिन बनवताना ‘एको’ ट्रू करायचं. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये ‘लॉग-टू’ आहे, आणि एकच क्वेरी बघायची असेल तर ‘टू-क्वेरी-स्ट्रिंग’ न चालवताच ती दाखवतं. तिथे लॉगमध्ये व्हॅल्यू मुद्दाम झाकलेल्या असतात. त्या उघडायची सेटिंग वेगळी, आणि तिच्या नावातच ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द आहे.

लॉग म्हणजे झालेल्या कामाचा हिशेब. त्याआधी दुभाष्याने मनात नकाशा कोणता काढलाय तोही बघता येतो. हायबरनेटला संपूर्ण स्कीमाची, म्हणजे टेबलं-कॉलमांच्या रचनेची, एसक्यूएल फाइल लिहून द्यायला सांगता येतं, ‘स्कीमा-जनरेशन’च्या ‘स्क्रिप्ट्स’ सेटिंगमधून. ती फाइल आणि खऱ्या डेटाबेसचा फक्त-स्कीमा डंप शेजारी ठेवून फरक काढा. जँगोत ‘एसक्यूएलमायग्रेट’ प्रत्येक मायग्रेशनचं, म्हणजे स्कीमा बदलणाऱ्या पायरीचं, एसक्यूएल आधीच दाखवतं. एसक्यूएलअल्केमीत क्लासवर ‘इन्स्पेक्ट’ चालवलं की कॉलम आणि नाती हातात येतात. तिथे एक गंमत आहे: नाती पहिल्या वापराच्या वेळी जोडली जातात. दुसऱ्या क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये चुकीचं लिहिलं असेल तर फाइल इम्पोर्ट होताना सगळं शांत असतं आणि पहिल्या क्वेरीला भडका उडतो. म्हणून ॲप सुरू होतानाच ‘कॉन्फिगर-मॅपर्स’ हाताने बोलवावं. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये मॉडेलवर ‘टू-डीबग-स्ट्रिंग’ मारा आणि शेवटी १ लागलेला कॉलम शोधा, ‘कस्टमर-आयडी-१’ असा. तो दिसला की समजायचं, नातं तुम्ही एक समजून लिहिलं होतं, फ्रेमवर्कने ती दोन धरली आणि दुसऱ्यासाठी स्वतःच कॉलम गृहीत धरला.

नावं, आणि मराठी मजकुराची लांबी

‘ऑर्डर’ हा एसक्यूएलचा राखीव शब्द आहे. क्लासचं नाव तेच ठेवलंत आणि टेबलाचं नाव दिलं नाहीत तर पहिलीच क्वेरी सिंटॅक्स एरर देऊ शकते. टेबलाला अनेकवचनी नाव द्या. पोस्टग्रेसमध्ये ‘यूजर’चीही हीच कथा.

जावातल्या स्प्रिंग बूट ह्या फ्रेमवर्कमध्ये आणखी एक खोडी आहे. फील्डचं नाव उंटाच्या पाठीसारखं, मधलं अक्षर मोठं असलेलं असेल तर कॉलमचं नाव अंडरस्कोर घालून बनतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कॉलमचं नाव तुम्ही स्वतः मोठ्या अक्षरासह स्पष्ट लिहिलंत तरी ते तसं राहत नाही. त्यातही अंडरस्कोर घुसतो, कारण ती नावं बदलणारी व्यवस्था सगळ्यात शेवटी, लिहिलेल्या-न लिहिलेल्या सगळ्या नावांवर चालते. जुन्या डेटाबेसवर काम असेल तर ती व्यवस्थाच बदलून ‘नाव जसंच्या तसं’ ठेवणारी लावावी.

आता मजकूर. जेपीएमध्ये स्ट्रिंगची लांबी सांगितली नाही तर २५५ धरली जाते. २५५ काय, हा प्रश्न इंग्रजी मजकुराला पडत नाही, आपल्याला पडतो. ‘लक्ष्मी’ ह्या शब्दात आपल्याला दोन अक्षरं दिसतात, ल आणि क्ष्मी. युनिकोडच्या हिशेबात ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी अशी ७ चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे २१ बाइट. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस कॉलमची लांबी चिन्हांत मोजतात. ऑरॅकल, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजतो.

‘सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’ हा पत्ता घ्या. चिन्हं २३. त्यातली १९ देवनागरी, म्हणजे ५७ बाइट. तीन मोकळ्या जागा आणि एक स्वल्पविराम मिळून ४. एकूण ६१ बाइट. कॉलम ६० चा असेल तर ऑरॅकल १२८९९ नंबरची एरर देऊन सांगतो: आलेले ६१, मावतात ६०. तपासणाऱ्याने पिनकोड इंग्रजी अंकांत टाकला असेल तर तोच पत्ता ४९ बाइटचा होतो आणि बिनबोभाट जातो. मॅपिंगमध्ये लांबी ६० लिहिलेली असते, डेटाबेसमध्येही ६० दिसते, दोन्ही बरोबर वाटतात, फक्त एकक वेगळं असतं. हायबरनेटने स्वतः टेबल बनवलं तर तो ऑरॅकलला ‘६० कॅर’ असं एककासह सांगतो. टेबल हाताने बनवलेलं असेल तर ते एकक राहून जातं.

एसक्यूएल सर्व्हरवर धोका वेगळा आहे. साध्या ‘व्हारकॅर’ कॉलममध्ये, यूटीएफ-८ कोलेशन (मजकूर साठवायची आणि जुळवायची पद्धत) नसेल तर, मराठी मजकूर प्रश्नचिन्हं होऊन बसतो, आणि एकदा बसला की परत मिळत नाही. एंटिटी फ्रेमवर्क मुळातच ‘एन-व्हारकॅर’ धरतं. हायबरनेटमध्ये फील्डवर ‘नॅशनलाइज्ड’ लिहावं लागतं. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये देवनागरी नीट मावते, इमोजी मावत नाही, कारण तो ४ बाइटचा. ग्राहकाने ‘लवकर पाठवा’पुढे हात जोडलेले टाकले की ऑर्डर अडते. ‘यूटीएफ८एमबी४’ वापरा.

फोन नंबर आणि एसटीडी कोड हे आकडे दिसतात, पण आकडे नव्हेत. पुण्याचा ०२० इंटीजर फील्डमध्ये गेला की २० होऊन बाहेर येतो. ज्याची बेरीज कधी करणार नाही, ते स्ट्रिंगच ठेवा. ज्याची बेरीज करणार, म्हणजे पैसे, ते डबलमध्ये ठेवू नका. बिग-डेसिमल घ्या आणि अंक किती, दशांश किती हे स्पष्ट लिहा. जँगो हे दोन्ही लिहायला भागच पाडतं, आणि बरं करतं.

ऑर्डरची अवस्था दाखवणारा एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी, हा जेपीएमधला सगळ्यात महागडा डिफॉल्ट. काही लिहिलं नाही तर तो क्रमांकाने साठवला जातो: नवी ०, पॅक झाली १, रवाना २, पोहोचली ३. सहा महिन्यांनी कुणीतरी ‘रद्द’ ही अवस्था दुसऱ्या जागी घुसवतो. त्या क्षणी डेटाबेसमधल्या सगळ्या १ म्हणजे पॅक झालेल्या ऑर्डरी रद्द दिसायला लागतात आणि रवाना झालेल्या परत पॅकमध्ये येतात. एरर शून्य. ‘एनम-टाइप स्ट्रिंग’ लिहा. हायबरनेट ६.२ पासून एनमच्या कॉलमवर चेक कंस्ट्रेंट, म्हणजे यादीबाहेरची व्हॅल्यू अडवणारी अटही बनते, तेव्हा नवी अवस्था वाढवताना ती बदलणारं मायग्रेशन सोबत हवं.

वेळेबद्दल थोडक्यात, कारण रात्री जागणारे विद्यार्थी पुण्यात कमी नाहीत. १० जूनला रात्री २ वाजता आलेली ऑर्डर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ९ जून, २०:३० ची असते. दिवसाचा गल्ला यूटीसी तारखेवर काढला तर मध्यरात्र ते साडेपाचच्या सगळ्या ऑर्डरी आदल्या दिवशी मोडतात. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर भारतीय वेळ आणि सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये यूटीसी असली की हा घोळ फक्त प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या ॲपमध्ये, दिसतो. हायबरनेटची ‘जेडीबीसी डॉट टाइम-झोन’ यूटीसी ठेवा, फील्ड ‘इन्स्टंट’ प्रकारची घ्या, आणि रिपोर्टच्या क्वेरीत आशिया-कोलकाता लावा.

नातं कुणाच्या नावावर

ऑर्डर आणि तिच्या ओळी हे नातं दोन्ही बाजूंनी दिसतं, पण डेटाबेसमध्ये त्याचा पुरावा एकाच जागी असतो: ओळींच्या टेबलातला ऑर्डर-आयडी. ज्या बाजूला तो कॉलम, ती नात्याची मालक. दुसरी बाजू फक्त आरसा. जेपीएमध्ये आरशाला ‘मॅप्ड-बाय’ लिहून तू आरसा आहेस हे सांगावं लागतं.

ते लिहिलं नाही तर काय होतं? दुभाषी ह्याला दुसरं स्वतंत्र नातं समजतो आणि त्यासाठी तिसरं, जोडणारं टेबल धरतो. स्कीमा आपोआप बनत असेल तर ते टेबल गुपचूप तयार होतं. डेटा दोन जागी जातो आणि दोन्ही जागा हळूहळू एकमेकींपासून दूर सरकतात. ‘मॅप्ड-बाय’ऐवजी यादीच्या बाजूलाच ‘जॉइन-कॉलम’ लिहिला तर तिसरं टेबल टळतं, पण लॉग असा दिसतो, ३ ओळींच्या एका ऑर्डरसाठी:

इन्सर्ट इन्टू ऑर्डर्स …
इन्सर्ट इन्टू ऑर्डर_ओळी … (तीनदा)
अपडेट ऑर्डर_ओळी सेट ऑर्डर_आयडी = ? व्हेअर आयडी = ? (तीनदा)

चार क्वेरींच्या कामाला सात. ओळी आधी पोरक्या जन्माला येतात आणि मग त्यांना आई मिळते. डेटाबेसमध्ये तो कॉलम नॉट-नल असेल आणि मॅपिंगमध्ये तसं सांगितलेलं नसेल तर पहिल्याच ओळीला एरर. हे तीन अपडेट दिसले की मॅपिंगची फाइल न उघडताही निदान करता येतं.

‘मॅप्ड-बाय’ लिहिल्यावर उलटी चूक होते. ओळ यादीत घातली, पण ओळीवर ऑर्डर लावायची राहिली. आरशात दिसलं तरी मालकाच्या कागदावर नाही, म्हणून ओळ ऑर्डर-आयडीविना जाते. उपाय जुना आणि पक्का: ऑर्डरवर ‘ओळ जोडा’ अशी एक मेथड ठेवायची, तिने दोन्ही बाजू लावायच्या, आणि यादी बाहेरच्याला थेट द्यायची नाही.

कॅस्केड म्हणजे एकावर केलेली क्रिया नात्यातल्या दुसऱ्यावरही चालवणं. त्याचं एकच सांगणं आहे. आईकडून मुलाकडे ठीक, मुलाकडून आईकडे कधीच नाही. ऑर्डरच्या ग्राहकावर ‘कॅस्केड ऑल’ लिहिलं असेल तर एक ऑर्डर पुसताना ग्राहक पुसायचाही प्रयत्न होतो.

पुस्तक-लेखक हे अनेक-ते-अनेक नातं. इथे हायबरनेटमध्ये लिस्ट वापरली आणि क्रमाचा कॉलम दिला नाही तर एक लेखक काढल्यावर त्या पुस्तकाच्या सगळ्या जोड्या पुसून उरलेल्या पुन्हा घातल्या जातात. सेट वापरा, म्हणजे एकच ओळ पुसली जाते. त्यासाठी इक्वल्स आणि हॅशकोड, म्हणजे दोन वस्तू एकच आहेत का ते ठरवणाऱ्या मेथडी, नीट लिहायला लागतात. सेव्ह होताना मिळणाऱ्या आयडीवर हॅशकोड बांधला तर सेव्ह केल्यावर वस्तू सेटमध्ये असून सापडत नाही.

एक यादी, एकशे एक क्वेरी

दुकानदाराच्या पडद्यावर ५० ऑर्डरींची यादी आहे. शेजारी ग्राहकाचं नाव, खाली ओळींची संख्या. जेपीएमध्ये ‘मेनी-टू-वन’ आणि ‘वन-टू-वन’ हे मुळात ईगर (लगेच आणले जाणारे) असतात, ‘वन-टू-मेनी’ आणि ‘मेनी-टू-मेनी’ लेझी (मागितल्यावरच आणले जाणारे). यादीची क्वेरी १. मग प्रत्येक ग्राहकाला एक, ५० वेगळे ग्राहक असतील तर ५०. मग ओळी मोजायला प्रत्येक ऑर्डरमागे एक, आणखी ५०. एकूण १०१. एका फेरीला २ मिलिसेकंद धरले तर नुसत्या ये-जा करण्यात २०२ गेले, तेही एकही क्वेरी मुळात संथ नसताना. ह्याला सगळे ‘एन प्लस वन’ म्हणतात.

हे तपासताना बहुतेकजण फसतात. आयडी देऊन एकच ऑर्डर मागवली की हायबरनेट ईगर ग्राहक जॉइन करून, म्हणजे दोन टेबलं जोडून, एकाच क्वेरीत आणतो. लॉग छान दिसतो. पण यादीची क्वेरी तुम्ही स्वतः लिहिलेली असते, त्यात जॉइन नसतो, आणि ईगरचं वचन पाळायला तो नंतर एकेक ग्राहक आणत बसतो. म्हणून ‘मेनी-टू-वन’वर सरसकट लेझी लिहा आणि जिथे लागेल तिथे त्या क्वेरीतच मागा: जेपीएमध्ये ‘जॉइन फेच’ किंवा एंटिटी ग्राफ, जँगोत फॉरेन कीसाठी ‘सिलेक्ट-रिलेटेड’ आणि यादीसाठी ‘प्रीफेच-रिलेटेड’, एसक्यूएलअल्केमीत ‘जॉइन्ड-लोड’ आणि ‘सिलेक्ट-इन-लोड’, एंटिटी फ्रेमवर्कमध्ये ‘इन्क्लूड’.

मात्र जॉइनचाही अतिरेक होतो. एका ऑर्डरच्या १० ओळी आणि अवस्थाबदलाच्या ६ नोंदी एकाच जॉइनमध्ये आणल्या तर ६० रो, म्हणजे टेबलातल्या आडव्या नोंदी, येतात. दोन लिस्ट एकदम फेच करायला गेलं तर हायबरनेट ‘मल्टिपल-बॅग-फेच’ एरर देतो. लोक त्यावर लिस्टचा सेट करून एरर घालवतात. ६० रो मात्र तशाच येत राहतात. तिथे बॅच साइज बरा, म्हणजे एका क्वेरीत किती ऑर्डरींच्या ओळी आणायच्या तो आकडा. २५ ठेवला तर ५० ऑर्डरींच्या ओळी २ क्वेरींत येतात.

सगळ्यात लपून बसणारा प्रकार पानं पाडण्याचा. यादी जॉइन-फेच करून ‘पहिल्या ५० द्या’ म्हटलं तर डेटाबेसला ५० ची मर्यादा लावता येत नाही, कारण तिथे रो ओळींचे असतात, ऑर्डरींचे नव्हेत. मग हायबरनेट सगळ्या ऑर्डरी मेमरीत आणतो आणि तिथे ५० मोजतो. लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग येते. टेस्टच्या डेटात २०० ऑर्डरी असतात तेव्हा काही जाणवत नाही. जून येतो, शाळा सुरू होतात, आणि सर्व्हरची मेमरी संपते. ‘फेल-ऑन-पेजिनेशन-ओव्हर-कलेक्शन-फेच’ ट्रू केलं की वॉर्निंगची एरर होते. ही सेटिंग पहिल्या दिवसापासून लावावी. पान पाडायचं तर आधी ५० आयडी आणा, मग त्या आयडींच्या ऑर्डरी ओळींसकट.

स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन-इन-व्ह्यू’ मुळात चालू असतं, आणि ॲप सुरू होताना तो तशी वॉर्निंगही देतो. त्यामुळे पान किंवा जेसन बनवतानाही लेझी क्वेरी चालत राहतात आणि एन प्लस वन झाकला जातो. बंद केल्यावर ‘लेझी-इनिशियलायझेशन’च्या एररी येतील. येऊ द्या. प्रत्येक एरर म्हणजे कुठेतरी न मागता चाललेली क्वेरी.

वाचताना लिहिणारं ॲप

फक्त यादी दाखवणाऱ्या पानाच्या लॉगमध्ये अपडेट दिसला तर दचकायला हवं. उदाहरण असं: जुन्या डेटाबेसमध्ये पुस्तकाचा कोड १० जागांच्या ‘कॅर’ कॉलममध्ये आहे, उरलेल्या जागा मोकळ्या भरलेल्या. गेटरमध्ये, म्हणजे फील्ड वाचून देणाऱ्या मेथडमध्ये, कुणीतरी सोयीसाठी ट्रिम (मोकळ्या जागा छाटणं) लिहिलंय. आयडीचं ॲनोटेशन (मॅपिंगची खूण) गेटरवर असेल तर हायबरनेट व्हॅल्यू गेटरमधूनच वाचतो. आणताना मोकळ्या जागांसकट आलेली व्हॅल्यू आणि ट्रान्झॅक्शन संपताना गेटरने दिलेली व्हॅल्यू जुळत नाही. तो म्हणतो बदललं, आणि अपडेट पाठवतो, मुळातच सगळ्या कॉलमांसकट. टेबलावर व्हर्जन कॉलम (प्रत्येक बदलागणिक वाढणारा आकडा) असेल तर प्रत्येक वाचनाने व्हर्जन वाढतं आणि खरोखर बदल करणाऱ्या माणसाला ‘दुसऱ्याने बदललंय’ असा निरोप येतो. आयडीचं ॲनोटेशन फील्डवर ठेवा, ट्रिम मॅपिंगच्या कन्व्हर्टरमध्ये न्या, आणि वाचनाच्या ट्रान्झॅक्शनला ‘रीड-ओन्ली’ लिहा. टू-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर बनवणाऱ्या मेथडमध्ये, नाती घेऊ नका, हेही जाता जाता. लॉमबॉक ह्या जावा लायब्ररीने बनवलेली टू-स्ट्रिंग ऑर्डरमधून ओळीत आणि ओळीतून परत ऑर्डरमध्ये फिरत स्टॅक भरेपर्यंत जाते.

आयडीबद्दल. जूनच्या आधी प्रकाशकाची ५००० पुस्तकांची यादी भरायची आहे आणि इन्सर्टचा बॅच साइज, म्हणजे एका खेपेला किती इन्सर्ट, ५० ठेवलाय. आयडी ‘आयडेंटिटी’ने, म्हणजे इन्सर्टच्या वेळीच डेटाबेसकडून, बनत असेल तर हायबरनेट इन्सर्टची बॅच करतच नाही, कारण प्रत्येक इन्सर्ट झाल्याशिवाय त्याला आयडी कळत नाही. ५००० वेगळे इन्सर्ट जातात. ‘सिक्वेन्स’, म्हणजे क्रमांक वाटणारी डेटाबेसमधली वेगळी मोजणी, असेल तर १०० बॅचेसमध्ये काम होतं. जेपीएमध्ये सिक्वेन्सची ‘ॲलोकेशन साइज’ मुळात ५० आहे, तेव्हा डेटाबेसचा सिक्वेन्सही ५० ने वाढणारा हवा. हाताने बनवलेला सिक्वेन्स १ ने वाढतो. नव्या हायबरनेटमध्ये ही तफावत ॲप सुरू होतानाच पकडली जाते. मायएसक्यूएलला सिक्वेन्स नाहीत. तिथे एवढी मोठी भरती ओआरएमच्या बाहेरून केलेली बरी.

स्कीमा कुणाच्या ताब्यात

हायबरनेटच्या हाती स्कीमा देणाऱ्या ‘डीडीएल-ऑटो’ला ‘अपडेट’ देणं हा सोयीचा आणि फसवा मार्ग. तो कॉलम वाढवतो, काढत कधी नाही. फील्डचं नाव बदललं तर तो नवा रिकामा कॉलम घालतो, आणि जुना डेटा जुन्या कॉलममध्ये पडून राहतो. स्कीमा फ्लायवे किंवा लिक्विबेस ह्या मायग्रेशनच्या साधनाकडे द्या आणि हायबरनेटला ‘व्हॅलिडेट’ ठेवा. पण व्हॅलिडेटवरही विसंबू नका. तो टेबल आहे का, कॉलम आहे का, प्रकार जुळतो का एवढंच बघतो. लांबी, नॉट-नल, युनिक, इंडेक्स काही बघत नाही. वरचा सदाशिव पेठेचा पत्ता त्याच्या नजरेतून सहज सुटतो. एसक्यूएलअल्केमीच्या अलेम्बिकने आपोआप लिहिलेलं मायग्रेशनही डोळ्यांखालून घालाच. नाव बदललेला कॉलम त्याला ‘एक काढा, एक घाला’ असाच दिसतो, आणि ‘काढा’मध्ये डेटाही जातो. जँगो निदान विचारतं, नाव बदललंय का म्हणून.

इंडेक्सचं, म्हणजे रो पटकन शोधायच्या सूचीचं, वेगळं सांगायला हवं. मायएसक्यूएलचं इनोडीबी फॉरेन कीवर इंडेक्स स्वतः बनवतं, जँगोही बनवतं. पोस्टग्रेस बनवत नाही आणि हायबरनेटही बनवत नाही. ह्या दोघांच्या जोडीत ओळींच्या टेबलातला ऑर्डर-आयडी इंडेक्सविना राहतो. लॉगमधली क्वेरी निर्दोष दिसते. ‘एक्स्प्लेन’ लावलं की सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल चाळणं, दिसतो. एसक्यूएल सर्व्हरवर ह्याचा चुलत भाऊ भेटतो: कॉलम ‘व्हारकॅर’, पण जावाचा ड्रायव्हर स्ट्रिंग मुळात युनिकोड म्हणून पाठवतो. मग कोलेशननुसार इंडेक्स असूनही पूर्ण स्कॅन होतो. तीच क्वेरी हाताने चालवली तर झटकन येते, कारण हाताने लिहिताना आपण स्ट्रिंगच्या आधी युनिकोडची खूण असलेला एन लावत नाही.

मोजणी टेस्टमध्ये

लॉग रोज कुणी वाचत नाही. म्हणून क्वेरींची संख्या टेस्टमध्ये बांधून टाका. जँगोत ‘असर्ट-नम-क्वेरीज’ तयार आहे. हायबरनेटमध्ये ‘जनरेट-स्टॅटिस्टिक्स’ ट्रू करून स्टॅटिस्टिक्समधला तयार स्टेटमेंटांचा आकडा आधी शून्यावर आणायचा, पानाचा कोड चालवायचा, आणि आकडा तपासायचा. एसक्यूएलअल्केमीत ‘बिफोर-कर्सर-एक्झिक्यूट’ ह्या इव्हेंटवर मोजणी लावता येते. टेस्टच्या डेटात निदान ३ ऑर्डरी, ३ वेगळे ग्राहक आणि प्रत्येक ऑर्डरला २ ओळी घाला. एकच ऑर्डर असेल तर एन प्लस वन म्हणजे १ अधिक १, आणि २ हा आकडा कुणालाच खटकत नाही. डेटा भरल्यावर सेशन, म्हणजे ओआरएमने हाताशी ठेवलेल्या वस्तूंचा साठा, क्लिअर करायला विसरू नका, नाहीतर ग्राहक आणि ओळी मेमरीतूनच मिळतात आणि एन प्लस वन दिसतच नाही. टेस्ट डेटाबेस प्रॉडक्शनच्याच जातीचा घ्या. एच२ ह्या टेस्टसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या डेटाबेसवर पास झालेलं मॅपिंग ऑरॅकलच्या बाइटबद्दल काहीच सांगत नाही.

प्रॉडक्शनमध्ये पोस्टग्रेस असेल तर ‘पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स’ चालू करा आणि यादी आधी ‘कॉल्स’वर लावा, वेळेवर नंतर. ०.३ मिलिसेकंदांची ग्राहक आणणारी क्वेरी दिवसात लाखांनी चालत असेल तर ती तिथे सगळ्यात वर येते. संथ क्वेरींच्या लॉगमध्ये ती कधीच दिसली नसती. बाइंड व्हॅल्यूंचा ट्रेस मात्र तिथे चालू ठेवू नका. त्यातून ग्राहकांचे फोन आणि पत्ते लॉगच्या फाइलीत साठतात, ती फाइल भलत्यांच्या हाती जाते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तो निष्काळजीपणा पूर्वीपेक्षा महागात पडू शकतो. लागला तर दहा मिनिटांसाठी चालू करा, आणि बंद करायची वेळ आधीच कॅलेंडरमध्ये टाका.